विरोधात एक

ग्रामसभेत ठराव वाचून संपायच्या आत सिद्दाण्णांचा हात वर गेलेला असायचा. ग्रामसेवक कळवळून म्हणायचा, "आण्णा, विषय तर ऐका." पटका सारखा करत आण्णा सांगायचे, "इषय तुजा तू ऐक. माजा इरोध लिवून घे. समद्यांनीच माना हलवल्या तर गावात आन् माज्या मेंढरांत फरक काय ऱ्हायला?" स्मशानातल्या शेडला त्यांचा विरोध होता ("कुणाला एवढी घाई झालीया?"). स्वतःच्या सत्कारालाही होता, आणि तो नोंदवून झाल्यावर त्यांनी नारळ घेतला.

आमचं गाव जत तालुक्याच्या पूर्व टोकाला. उन्हाळ्यात तिथं टँकर येतो, म्हणजे येणार असं सांगतात. मागे एका लोकसभेला आण्णांनी पाण्यासाठी मतदानावर बहिष्कार पुकारला. गावात विरोधी पक्ष म्हणजे आण्णा एकटेच, त्यामुळे विरोधी पक्षाचा बहिष्कार संपूर्ण यशस्वी झाला. त्यांच्या बायकोनं, गंगव्वा काकूंनी, मत दिलं. पण त्या पक्षात नव्हत्या.

पुढच्या लोकसभेला सरपंच मायाप्पांनी तोच बहिष्कार उचलला. मायाप्पा आणि आण्णा लहानपणी एकत्र मेंढरं राखलेले. बिरोबाच्या देवळात मायाप्पा म्हणाले, "एकबी मत पडाय नको. शून्य झालं तर पेपरात येतंय, पेपरात आलं तर सायेब येतोय, सायेब आला तर पाणी येतंय." झाडून सगळ्यांचे हात वर गेले. आण्णा उठले आणि म्हणाले, "मग मी मत देणार."

"आवं आण्णा, बहिष्कार तुमचाच न्हवं का?" मी विचारलं.

"हुता. आता सरपंचाचा झाला. सत्ताधारी पक्षात मी जात नसतो."

गाव हबकलं. एका मतानं शून्य फुटणार, म्हणजे पाणीही गेलं. जाणती माणसं पाया पडली, पोरांनी शिव्या घातल्या. काकूंनी जाहीर केलं, "बोटाला शाई लागली तर त्या बोटानं भाकरी मोडायची न्हाई." जसजसा जो तो विनवू लागला तसतसा आण्णांचा पटका आणखी घट्ट होत गेला.

मतदानादिवशी सगळं गाव शाळेसमोरच्या लिंबाखाली बसून होतं. ऊन चढल्यावर आण्णा धुतलेलं धोतर नेसून निघाले. ते दिसताच मायाप्पांनी माझ्या हातात चहाची किटली दिली. "आत जा आन् सायबास्नी सांग, म्हातारं आलं की लय आग्रह करा."

सकाळपासून मतदान केंद्रात जांभया देणाऱ्या साहेबाला मतदार येतोय हे ऐकूनच भरून आलं. तो पायरीवर धावला आणि आण्णांचा हात धरून म्हणाला, "या आजोबा! मत दिलंच पाहिजे. कर्तव्यच आहे तुमचं."

आण्णा थबकले. "दिलंच पायजे?"

"हो, दिलंच पाहिजे."

"आन् तू कोण रं मला सांगणारा?"

मग पायरीवर जे भांडण जुंपलं, ते साहेबाचा घसा बसल्यावरच थांबलं. उंबरा न ओलांडता आण्णा माघारी फिरले. शून्य शाबूत राहिलं.

पेपर, साहेब, टँकर, सगळं मायाप्पांनी सांगितलं त्याच क्रमानं आलं. आण्णांनी टँकरला विरोध केला, पाणी मचूळ आहे म्हणून, आणि दोन बॅरल भरून घेतले.

चहाची गंमत पुढं एकदा मीच त्यांना फुशारकीनं सांगितली. ते मेंढराच्या पायातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "किटली बगितली तवाच कळलं. मायाप्पा कुणाला फुकट च्या पाजत न्हाई. शून्य मलाबी पायजे हुतं, गड्या. पर एकमतानं न्हवं."

यंदाच्या थंडीत आण्णा गेले. ग्रामसभेत श्रद्धांजलीचा ठराव आला. ग्रामसेवकानं सवयीनं विचारलं, "कुणाचा विरोध?" आणि सगळ्यांच्या नजरा आण्णा टेकून बसायचे त्या खांबाकडे गेल्या. इतक्यात मायाप्पांनी हात वर केला.

"सरपंच, ठराव श्रद्धांजलीचा आहे."

"आसू दे. इरोध लिवून घे," मायाप्पा म्हणाले. "एकमतानं झाला तर सिद्दा उठून बसंल."