माहेरच्या चिंबोऱ्या

सुधीर कर्णिक म्हणजे देवमाणूस, पण इतका काटेकोर की घरच्यांनाही वैताग. नोकरी अणुसंशोधन केंद्रात. काम काय, तर दर महिन्याला खाडीकाठच्या गावांतून दूध, भाजी, मासळी आणायची आणि प्रयोगशाळेत तपासायला द्यायची. किरणोत्सार कुठे झिरपलाच, तर आधी तिथे सापडणार. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, तो बारा वर्षं कोळीवाड्यातल्या पुतळाबाईकडूनच घ्यायचा. "खाडीतल्याच ना?" असं विचारायचं, ती हो म्हणाली की पिशवीवर चिठ्ठी लावायची. अहवाल दर वेळी स्वच्छ.

यंदा कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर आवई उठवली, खाडीच्या मासळीत विष उतरलंय म्हणून. झालं! तुर्भ्याच्या हॉटेलवाल्यांनी माल घेणं बंद केलं. बायांच्या पाट्या भरलेल्याच घरी परत यायला लागल्या. गावाने देवळात सभा ठेवली आणि सुधीरला बोलावलं. फाइल काखोटीला मारून तो ऐटीत निघाला. बारा वर्षांचा पुरावा हाताशी, मग घाबरतोय कशाला?

देवळाच्या पायरीवरच पुतळाबाईने त्याला गाठलं.

"सायबा, बिनधास सांग. तुला मी कदी वंगाळ माल दिला नाय. आमच्या खाडीच्या चिंबोऱ्या बारक्या, त्या कोन देल सरकारी मानसाला? तुज्यासाठी माज्या म्हायेरशी आनाची, पार उरनच्या पल्याडशी!"

सुधीरची ऐट तिथेच उतरली. बाई बिचारी कौतुकाने सांगत होती. दारी आलेल्याला चांगलंचुंगलं द्यावं, एवढंच तिला ठाऊक. पण हा शहाणा बारा वर्षांत एकदाही होडीत बसला नव्हता, का तर बुटांना चिखल लागेल!

गप्प बसला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. निवृत्तीला चारच महिने उरले होते. पण खाडीत खरंच काही असलं, तर या गावाची पोरंबाळं रोज तेच खाताहेत. त्याने तिथूनच केंद्रातल्या आपल्या वरिष्ठ सुमेधा मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सांगून टाका. नव्या तपासणीचं मी बघते."

सभेत तो उभा राहिला आणि फाइल सगळ्यांसमोर धरली. "या फाइलीतल्या चिंबोऱ्या तुमच्या खाडीतल्या नव्हत्या. मी नीट पाहिलं नाही. चूक माझी."

एकच गलका उडाला. कुणी चोर म्हणालं, कुणी सरकारचा दलाल. तेवढ्यात मागून पुतळाबाई उठली. "त्याला कशाला बोलताव? मीच दिल्या त्या!" आणि पदर तोंडाला लावून रडत घरी गेली. सुधीरला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सुधीर होडीत बसला. गावच्या बायांनी डोळ्यांदेखत चिंबोऱ्या पकडवल्या, पिशवीच्या सीलवर अंगठे उठवले. पंधरा दिवसांनी अहवाल आला. खाडी स्वच्छ होती! सुधीरने तो देवळात वाचून दाखवला. निम्म्यांचा विश्वास बसला, निम्म्यांचा नाही. हॉटेलवाले हळूहळू परत वळले. पुतळाबाई मात्र त्याच्याशी बोलेना.

शेवटच्या महिन्यात सुधीर त्याच्या जागी आलेल्या जाईला घेऊन कोळीवाड्यात गेला. पोरीने हसून विचारलं, "मावशी, खाडीतल्याच ना?"

पुतळाबाईने आधी सुधीरकडे पाहिलं, मग जाईच्या कोऱ्या बुटांकडे.

"माज्यावं इस्वास नको ठेवू गो बाय," ती म्हणाली. "बूट काड नि होडीत बस."