पट्टी हिरवी चमकली

लेक समजावून सांगत होती आणि मी मान डोलावत होतो. मान डोलावण्यात माझा हात धरणारा आमच्या घरात कोणी नाही. समोर टीव्हीवर मॅचची शेवटची षटकं चालली होती.

लेक रसायनशास्त्रात संशोधन करते. पाण्यातलं सायनाइड ओळखणारा एक पदार्थ तिच्या प्रयोगशाळेत तयार झालाय. तो लावलेली कागदाची पट्टी पाण्यात बुडवायची आणि तिच्यावर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारायचा. मी चाकणला प्लेटिंगच्या कारखान्यात सुपरवायझर. जस्त चढवायच्या आमच्या टाक्यांत सायनाइड असतंच, म्हणून माल धुतलेलं पाणी हायपो, म्हणजे ब्लीचिंगचं द्रावण, टाकून निर्विष केल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. "बाबा, तुमच्याकडे वापरून बघा," म्हणून तिने थोड्या पट्ट्या दिल्या. तिच्या सगळ्या बोलण्यातला 'चमक' हा एकच शब्द माझ्या कानात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निर्विष केलेल्या पाण्यात पट्टी बुडवली, पुठ्ठ्याच्या खोक्यात धरली आणि टॉर्च मारला. हिरवीगार चमकली. मी म्हटलं, सापडलं!

पहिली शिफ्ट सुटून सगळे बसपाशी जमले होते. हे पाणी निर्विष करायची टाकी सांभाळणारा गडीही त्यांच्यातच होता. खेडकडचा, माझ्याच वयाचा, इतकी वर्षं कंत्राटी. त्याला कायम करायचं नुकतंच घाटत होतं आणि शिफारस माझीच होती. मी खोकं नाचवत ओरडलो, "हायपो टाकता की बाहेर विकता हो?"

"न्हाई सायेब. आमी रोज टाकतो. आजबी टाकलंय."

"मग हे काय चमकतंय? तुमचं तोंड?"

सगळे हसले. बसच्या खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "भावा, टाकीत दिवाळी लवकर आली की!" तो मात्र हसला नाही. डबा या हातातून त्या हातात घेतला आणि बसमध्ये चढला. हे कानावर जाताच मॅनेजरने त्याला टाकीवरून काढून ड्रम हलवायला लावलं, कायम करायचंही थांबवलं.

संध्याकाळी निगडीला घरी येऊन जेवताना ही शौर्यकथा मी मोठ्या चवीने सांगितली. लेकीचा घास हातातच राहिला.

"बाबा, चमकली म्हणजे पाणी चांगलं! सायनाइड असलं की चमक विझते. दोनदा सांगितलं होतं मी."

बायको नुसती आमटी वाढत राहिली. ते जास्त लागलं.

सकाळी खात्री करायला दुसरी पट्टी मी हायपो टाकायच्या आधीच्या पाण्यात बुडवली. कितीही टॉर्च मारला तरी ढिम्म, अगदी माझ्यासारखी. मग मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन, दार लावून घेऊन, चूक माझी होती असं सांगितलं. दुपारी कालच्या पाण्याचा कारखान्याच्या प्रयोगशाळेतला रिपोर्टही चांगला आला. गडी परत टाकीवर गेला, त्याचं कायम करायचं कामही पुढे सरकलं. मला सुटल्यासारखं झालं.

पाण्याच्या कूलरपाशी तो एकटा सापडला. मी आजूबाजूला पाहून हळूच म्हणालो, "माझंच चुकलं, भाऊ."

"जाऊ द्या, सायेब," तो बाटली भरता भरता म्हणाला. वर पाहिलं नाही. तेवढ्यात दोन पोरं शेजारून गेली. एक म्हणाला, "काय दिवाळी, आज हायपोचे किती कॅन विकले?" तो बाटलीचं झाकण लावत राहिला. मी घसा खाकरला, कूलरचा नळ उगाच घट्ट केला आणि निघालो.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "मिटलं एकदाचं. माफीसुद्धा मागितली."

"कुठे?"

"कूलरपाशी."

तिने भाजी निवडणं थांबवलं. "आणि विकता का म्हणालात, ते कुठे?"

मी टीव्हीचा रिमोट शोधू लागलो.

"उद्या शिफ्ट सुटताना बसपाशी उभे राहा," ती म्हणाली. "आणि आवाज तेवढाच लावा."