निळा नेचा आणि पहिलं नाव

सैद्धांतिक भौतिकीत काम करणाऱ्या माणसाला प्रवास फारसा घडत नाही. खगोलवाले दुर्बिणीपाशी जातात, भूगर्भवाले खाणीत उतरतात. आम्हाला एक फळा, थोडे खडू आणि दार लावून घेता येईल अशी खोली पुरते. त्यामुळे नाशिकच्या एका महाविद्यालयाने चर्चासत्राला बोलावलं तेव्हा पन्नाशी उलटलेला मी पुण्याला शिवाजीनगरच्या एस.टी.त शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा खिडकी धरून बसलो. साल दोन हजार उलटून काही वर्षं झाली होती आणि भाद्रपद चालू होता.

चर्चासत्र हे निमित्त. खरं काम होतं सुमन वाघेरे यांच्याशी. त्या तिथे वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवलं तितकाच पगार आणि उन्हाळ्यात बिनपगारी घरी. त्यांच्या गावाकडे, हरसूलच्या डोंगरात, कपारींच्या सावलीत एक निळसर नेचा (फर्न) उगवतो. इतक्या अंधारात तो जगतो कसा, हा त्यांचा प्रश्न. पानात शिरलेली प्रकाशाची ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे टप्प्याटप्प्याने जाते की एकाच वेळी सगळ्या वाटा चाचपत जाते, हा माझा. मोजमापं त्यांची, पुंजभौतिकीचं गणित माझं. दोन वर्षं ई-मेलवर काम चालू होतं आणि शोधनिबंध जवळजवळ तयार होता. आम्ही एकमेकांना पाहिलं मात्र नव्हतं.

संगमनेरला चहा झाला, सिन्नर मागे पडलं आणि ढगांखालचे डोंगर दिसू लागले. मी खूश होतो. भाषणाच्या पारदर्शिका (प्रोजेक्टरवर ठेवायचे प्लास्टिकचे पारदर्शक कागद) खिडकीतल्या उन्हाने एकमेकींना घट्ट चिकटल्या आहेत, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

"द्वारकावाले, चला लवकर!" कंडक्टर ओरडला. नाशिकच्या त्या चौकात उतरलो तर चारही बाजूंनी ट्रक, रिक्षा आणि "धुळे, मालेगाव, धुळे!" असा पुकारा. त्या गोंधळात स्कूटीवर एक पाय टेकवून वाघेरे मॅडम उभ्या होत्या. पस्तिशीच्या, काटक, कपाळावर घाम.

"अभ्यंकर सर ना? मागे बसायला भीती नाही ना वाटत?"

"समीकरणं सोडली तर कशाचीच नाही," मी ऐटीत म्हणालो. महाविद्यालय येईपर्यंत माझी निम्मी रामरक्षा म्हणून झाली होती.

चर्चासत्र सर्व विद्याशाखांचं होतं. माझ्या आधी अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक कांद्याच्या भावावर बोलले, मग समाजशास्त्राच्या बाई दिवाळीनंतर डोंगरातून द्राक्षबागांकडे उतरणाऱ्या मजुरांवर. त्या इतकं चांगलं बोलल्या की माझे इलेक्ट्रॉन मला अगदीच बिनमहत्त्वाचे वाटू लागले. पारदर्शिका सुटेनात, म्हणून मी सरळ खडू उचलला आणि त्यामुळे भाषण उलट बरं झालं. शेवटी भूगोलाचे सर उभे राहिले. "सगळं समजलं, पण तो कण नक्की असतो कुठं?"

"विचारेपर्यंत सगळीकडे."

"आमच्या प्राचार्यांचं उलट आहे. विचारलं की कुठंच नसतात."

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतले प्राचार्य सर्वांत मोठ्याने हसले.

दुपारी मॅडमनी मिसळ खायला नेलं. काळ्या मसाल्याची झणझणीत तर्री, वर मटकी, बाजूला पापड. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, निबंधावर नावांचा क्रम काय ठेवलाय?"

मला प्रश्नच कळला नाही. आमच्या शास्त्रात हे कोणी विचारत नाही. नावं अक्षरक्रमाने लागतात, बस्स. फळ्यापुढे चार जण भांडत असताना कोणती कल्पना कोणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही, म्हणून पूर्वसुरींनी ही रीत पाडली आणि आम्हाला तिचा अभिमान आहे. मी ते जरा व्याख्यानाच्याच सुरात सांगितलं.

"आमच्याकडे पहिलं नाव म्हणजे ज्याने काम केलं तो," मॅडम म्हणाल्या. "आणि दुसरं म्हणजे ज्याचं यंत्र वापरलं तो. उन्हाळ्यात कायमच्या जागेची मुलाखत आहे, सर. समितीत तुमच्या शास्त्राचं कोणी नसणार. 'अभ्यंकर, वाघेरे' असं वाचलं की ते म्हणणार, पुण्याच्या सरांनी केलं आणि हिने पानं तोडून दिली. ही जागा गेली तर मी शिकवणं सोडणार. किती वर्षं असं तासांवर काढायची?"

"पण नियम तो नियम. आम्ही आमच्या गुरूंसाठीसुद्धा मोडत नाही."

"तुम्हाला हा नियम कधी नडलाय का?"

मी पापड मोडला. अ वरून सुरू होणारं आडनाव घेऊन जन्मलो आणि जन्मभर पहिला राहिलो. तो अक्षरक्रमाचा गुण आहे, माझा नाही, हे मला ठाऊक होतं, पण कोणी असं तोंडावर विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला राग आला.

दुसऱ्या दिवशी हरसूलला जायचं आधीच ठरलं होतं, म्हणून गेलो. त्र्यंबकच्या पुढे काळीपिवळी जीप. माझ्या मांडीवर एका बाईची कोंबडी, बाईच्या मांडीवर माझी पिशवी. घाटात ढग रस्त्यावर उतरले होते आणि वळणावळणावर भाताची खाचरं दिसत होती. हरसूलला बाजाराचा दिवस होता. सुकट, मडकी, विळे, बांगड्या आणि भिजलेल्या ताडपत्रीखाली लालभडक मिरच्या. मी उगाचच एक विळा घेतला. मॅडमनी तो पाहिला आणि पुढे चालू लागल्या.

बाजारापासून त्यांच्या पाड्यापर्यंत चालत जावं लागलं. त्यांच्या आईने नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी वाढली. भाकरी चुलीवरून थेट ताटात येत होती आणि मी लाज सोडून खात होतो.

"तुमी काय करता?" आईंनी विचारलं.

"मॅडम पानं मोजतात, मी त्यावर गणित करतो."

"मग बघितला का तो पाला?"

"नाही अजून."

"न बघताच? दोन वरीस?" त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारची बाई डोकावली. "आन् ही पोर लय खुळी. गुरं बी खात नाय त्या पाल्यासाठी डोंगर चढते."

मीही हसलो. पण सैद्धांतिक माणसाखेरीज हा पराक्रम दुसऱ्या कोणाला जमला नसता, हे खरंच.

कपार चढणीवर होती. दगड शेवाळलेले. मी दोनदा घसरलो, एकदा नुसता आणि एकदा चिखलासकट. आत वाकून पाहिलं तर अंधारात खडकाच्या भिंतीवर निळा रंग पसरला होता, मोरपिसाच्या डोळ्यासारखा. जवळ जाऊन मान तिरकी केली, तर रंग गेला आणि साधी हिरवी पानं उरली. मागे सरलो, पुन्हा निळं. किती तरी वेळ मी मागेपुढे करत राहिलो.

"पान तोडलं की जास्त वेळ टिकत नाही," मॅडम सांगत होत्या. "म्हणून बर्फाचा थर्मास घेऊन चढायचं, पानं त्यात ठेवायची आणि पळत जाऊन नाशिकची गाडी पकडायची. चुकली तर सगळं फुकट. पावसाळ्यात पुष्कळदा चुकते."

माझ्या संगणकावर त्यांची मोजमापं म्हणजे आलेखावरचे काळे ठिपके. त्यांतले काही मी 'अपुरी माहिती' असा शेरा मारून परत मागवले होते. एकेका ठिपक्यामागे हा डोंगर होता, हे मला त्या कपारीत उभं राहून कळलं आणि फार वाईट वाटलं.

"मॅडम, तुमचं नाव पहिलं घालू या," मी म्हणालो.

मला वाटलं, त्या खूश होतील. त्यांनी मान हलवली. "तसं नको, सर. तुम्हाला दया आली म्हणून पहिलं नाव नको. भौतिकीच्या मासिकाला पाठवलं तर तुमची रीत चालू दे. वनस्पतिशास्त्राच्या मासिकाला पाठवलं तर आमची. मग कोणी कोणावर उपकार केला असं व्हायचं नाही."

बोलणं सरळ होतं आणि मला महाग पडणारं होतं. ज्या मासिकासाठी मी जीव टाकत होतो ते आमच्यातले सगळे वाचतात. वनस्पतिशास्त्राच्या मासिकात माझं गणित छापून आलं असतं तरी माझ्या एकाही मित्राच्या नजरेस पडलं नसतं. माझं उरलंसुरलं चांगलं काम त्या निबंधात होतं. परतीच्या जीपमध्ये मी मनात दोन्ही मासिकं तोलत राहिलो.

संध्याकाळी द्वारका चौकात पुण्याची गाडी येऊन उभी राहिली. मी पायरीवर पाय ठेवला आणि वळून म्हणालो, "पाठवा तुमच्या मासिकाला. मसुदा तुम्ही करा. गणित परिशिष्टात टाका."

"परिशिष्टात कशाला? मधोमध टाकते. पण मला ते नीट समजलं पाहिजे."

त्यानंतर हिवाळाभर त्यांनी मला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. निबंध स्वीकारला गेला. पुण्यात एका मित्राने तो चाळला आणि "चांगला आहे, पण हे मासिक सापडलं कुठं तुला?" असं म्हणून परत दिला. मला थोडं लागलं, ते मी लपवणार नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी फोन आला. "सर, झाली मुलाखत. घेतलं मला. कायम."

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. "काय विचारलं?"

"सगळंच. त्यांनी एक भौतिकीचे प्राध्यापक बोलावले होते. 'पहिलं नाव तुमचं आहे, तर हे गणितही समजवा,' असं मला म्हणाले. फळ्यावर करून दाखवलं."

"सगळं?"

"सगळं. पण तुमचं दुसरं गृहीतक मला पटलेलं नाही, तेही सांगितलं. रागावलात का?"

नाही म्हणालो, आणि खरोखरच नव्हतो रागावलो. इतकी वर्षं सगळीकडे माझं नाव पहिलं लागलं, पण माझ्या मागच्या नावांपैकी कोणी, निबंध छापून आल्यावर, माझं गृहीतक चुकीचं आहे असं परक्या लोकांपुढे म्हटलं नव्हतं.

"बोला," मी म्हणालो आणि कागद ओढला. "कुठं चुकलोय?"