डब्याचा पाचवा फोटो

नंदा कंटेनरला डबा म्हणते. नाहूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या गाळ्यात आता सगळेच डबा म्हणतात, मालकसुद्धा. वीस फुटी डबा, चाळीस फुटी डबा.

ती मानखुर्दला राहते. वय सत्तेचाळीस. एकोणीस वर्षांची असताना खोक्यांवर लेबलं चिकटवायला म्हणून या गाळ्यात आली आणि इथंच राहिली. तेव्हा इथं नुसत्या लाकडी पेट्या बनायच्या. पेट्या ठोकणारा लवू नावाचा एक म्हातारा होता, मालवणकडचा, उमेदीची वर्षं गोदीत काढलेला. त्यानं तिला माल भरायला शिकवलं. जड खाली, हलकं वर, हे कुणालाही कळतं. लवूनं शिकवलं ते त्याच्या पुढचं. पाण्याच्या पिंपात फळी तरंगत ठेवायचा, फळीवर खिळ्यांच्या पुड्या रचायचा आणि पिंपाला हळूच धक्का द्यायचा. पुड्या घसरल्या की तिच्याकडे बघायचा. "डबो हलतलोच, बाय. माल हलाक नको."

लवू गेला, जुने मालकही गेले. त्यांचा मुलगा सुयोग खुर्चीवर बसला. शाळेच्या गणवेशात गाळ्यात येऊन पेट्यांवर उड्या मारणाऱ्या सुयोगला नंदा सर म्हणायला लागली. त्यानं कधी नको म्हटलं नाही.

सुयोगचं डोकं चांगलं, हे मान्य करायला पाहिजे. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत गल्लीबोळात छोटे कारखाने आहेत. कुणी पितळी व्हॉल्व्ह बनवतो, कुणी पंपाच्या आतली पाती, कुणी रबरी वॉशर. माल कुठंही मान वर करून विकावा असा. पण डबाभर माल एकट्याकडे कुणाकडेच नाही, म्हणून परदेशी गिऱ्हाईक त्यांच्या दारात येत नाही. दलाल येतो, स्वतःचं नाव छापून माल बाहेर पाठवतो आणि हे आयुष्यभर गल्लीतच राहतात. सुयोगनं अशा सात जणांना एकत्र आणलं. सातांचा माल, एक डबा, थेट गिऱ्हाइकाच्या गोदामात. ऑफिसच्या भिंतीवर त्याचं पोस्टर आहे. 'तुमचा माल, जगाच्या दारात.' खाली सुयोगचा हसरा फोटो.

पण सात जणांचा माल एका डब्यात भरायचा म्हणजे कुणाला तरी तो भरता यायला हवा. व्हॉल्व्हना तेल लावलेलं असतं, ते रबराशेजारी चालत नाही. जे तिकडे आधी उतरणार ते इकडे शेवटी चढतं. माल ज्यावर रचतात त्या लाकडी पॅलेटवर भट्टीत तापवल्याचा शिक्का नसेल तर माल बंदरातच अडकतो. नंदा आदल्या दिवशी वहीत चौकोन काढून सगळा डबा मांडते. पोस्टरवर वही नाही.

आणि तिचे चार फोटो. रिकामा डबा, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, दार बंद. एकही डबा या चार फोटोंशिवाय तिनं जाऊ दिलेला नाही.

ऑस्ट्रेलियाचा पहिला डबा निघाला तेव्हा आणखी एक कागद आला. तो देश पानाफुलांच्या बाबतीत फार कडक. डब्यात पेंढा, बी-बियाणं, फूल, पान काही नाही, डबा झाडून स्वच्छ केला आहे, असं भरणाऱ्यानं सहीनिशी लिहून द्यायचं. ऑफिसचे कागद जान्हवी बघते. मराठी घेऊन बी.ए. झालेली, जेमतेम चोवीस वर्षांची मुलगी. नंदा वाचून दाखवल्याशिवाय सही करत नाही, म्हणून जान्हवीनं तो कागद ओळीओळीनं मराठीत सांगितला. नंदानं डब्याची फळी न् फळी स्वतः झाडली होती. माल चढला. तिसरा फोटो काढला. मग सही केली.

दार ओढायच्या बेतात असतानाच सुयोगची आई आली. कुंदाकाकू. हातात पूजेचं ताट.

"काकू, चाकाची करा ना पूजा," नंदा म्हणाली. "डब्यात फूल चालत नाही. आत्ताच लिहून दिलंय मी."

"चाक त्या ट्रेलरवाल्याचं गं. आपली लक्ष्मी आत आहे."

काकू स्टुलावरून डब्यात चढल्या. उंबऱ्यावर नारळ फुटला. पहिल्या रांगेवर हळदकुंकू आणि मूठभर अक्षता पडल्या. माल आवळणाऱ्या पट्ट्याला झेंडूची माळ बांधली. सगळ्यांनी हात जोडले. सातांपैकी दोन कारखानदार आले होते, त्यांनीही जोडले.

काकू उतरल्या तशी नंदा झाडू घेऊन वर चढली.

"अगं, अगं. पूजा झाल्या झाल्या झाडू फिरवतेस? घरातून माणूस बाहेर पडलं की लगेच केर काढतो का आपण?" काकू म्हणाल्या. मग आवाज जरा मऊ करून, "तुमच्यात नसतं ना हे. तुला कसं कळणार म्हणा."

नंदानं ते गिळलं. अठ्ठावीस वर्षांत असं बरंच गिळलं होतं. ती सुयोगकडे वळली. "सर, हे अडकेल तिकडे."

सुयोग फोनवर होता. फोन छातीशी धरून म्हणाला, "चार दाणे आहेत ताई. आईचं मन नको मोडायला. लावा दार." ट्रेलरवाला हॉर्न देत होता. अवजड गाड्यांची वेळ संपायच्या आत त्याला हायवे गाठायचा होता. माळ तेवढी नंदानं ओढून काढली. दार लागलं, सील लागलं. चौथा फोटो.

दोन महिन्यांनी मेल आला. मेलमध्ये तिकडच्या अधिकाऱ्यांनी काढलेले फोटो होते. फळ्यांच्या फटीत तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या, खोबऱ्याचा तुकडा आणि त्याला लागलेल्या मुंग्या. सगळा डबा बाजूला काढला होता. माल एकोणीस दिवस अडकला. गिऱ्हाइकानं विचारलं होतं, हे कसं झालं, कुणाकडून झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, ते लेखी कळवा.

सुयोगनं लेखी कळवलं. नंदाला चार दिवसांनी समजलं, तेही जान्हवीकडून. जान्हवी गाळ्याच्या मागच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"काय गं?"

"ताई, ते पत्र मी टाइप केलं. मला आधी समजलंच नाही ते कुणाबद्दल आहे. नाव नंतर घातलं त्यांनी."

"वाच."

जान्हवीनं वाचलं. कारण : माल भरणाऱ्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. उपाय : सदर कर्मचाऱ्यास निर्यातीच्या कामावरून काढून टाकले आहे. पुढे नंदाचं नाव, आडनावासकट.

"कुणाकुणाला गेलंय हे?"

"गिऱ्हाइकाला. आणि आपल्या सातही जणांना."

नंदा वर ऑफिसात गेली. दार वाजवलं नाही.

"सर, मला काढलंय?"

"अहो, काढलंय कुठं? कागदावर लिहावं लागतं. त्यांना एक नाव लागतं."

"तुमचं द्यायचं."

सुयोग हसला. "माझं दिलं तर कंपनीची वाट लागेल ना. तुम्हाला तिकडे ओळखतं कोण?"

वाईट हेतूनं बोलला नव्हता तो. म्हणूनच ते जास्त लागलं.

"खरं काय झालं ते का नाही लिहिलं?"

"काय लिहू? आईनं डब्यात तांदूळ टाकले? कसं दिसेल ते?"

"आणि नंदाला झाडू मारता येत नाही, हे बरं दिसतं."

"ताई, तुमच्या चार फोटोंत तरी कुठं दिसतेय पूजा? सोडा ना आता."

फोटोंत पूजा नव्हतीच. ती तिसऱ्या आणि चौथ्या फोटोच्या मध्ये झाली होती.

संध्याकाळी धोंडिरामचा फोन आला. घाटकोपरला रबरी वॉशर बनवतो. त्याचा पहिला नमुना परदेशी गेला तो नंदानं हातानं बांधला होता. पूजेला हात जोडून उभ्या असलेल्या दोघांत हाही होता. "ताई, वाचलं पत्र," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका. वयानं होतं असं. चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्या."

"धोंडिराम, तू तिथंच होतास रे."

"तसं नाही ताई. आता मालकच लिहितात म्हटल्यावर..."

नंदानं फोन ठेवला. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलंसुद्धा माणूस पत्र वाचून विसरतं.

पंधरा दिवसांनी दुसरा डबा लागला. सकाळी अकराला ट्रेलर आत आला. दार उघडलं. नंदा एका उलट्या पेटीवर बसली होती. वही मांडीवर, बंद.

"ताई, चला," लोडर म्हणाले.

"मला निर्यातीच्या कामावरून काढलंय. साहेबांनी लिहून दिलंय."

त्यांना आधी गंमत वाटली. मग त्यांनी आपापल्या अंदाजानं चढवायला घेतलं. तासाभरानं डबा भरला आणि तीन पॅलेट बाहेर राहिले. सगळं उतरवलं. पुन्हा चढवलं. या वेळी चार राहिले. नंदा बघत होती. एकदा तेलकट व्हॉल्व्ह रबराला चिकटून ठेवताना दिसले, तेव्हा तिचा हात पेटीवरून उचलला गेला. तिनं तो परत खाली ठेवला.

सुयोग खाली आला, मागोमाग जान्हवी. "ताई, तमाशा नको. ट्रेलर चारला बाहेर पडला पाहिजे."

"मग कागद खरा करा. नाहीतर मला खरंच काढा. दोन्हीपैकी एक."

"उद्या करतो. शब्द देतो."

"ट्रेलर पण उद्या बोलवा."

सुयोगनं डब्याकडे पाहिलं, बाहेर पडलेल्या पॅलेटकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. तिच्याकडे तेवढं पाहिलं नाही. उभ्या उभ्या फोनवर टाइप केलं. "घ्या. झालं समाधान?"

"जान्हवी, वाच गं."

"एका घरगुती कार्यक्रमामुळे डब्यात काही जिन्नस राहून गेले. कर्मचाऱ्याची चूक नव्हती."

"माल भरून झाल्यावर कार्यक्रम झाला, हे आहे?"

"नाही."

"मी नको म्हटलं होतं, हे आहे?"

"नाही."

"घाला. आणि सातही जणांना पाठवा. आधीचं पाठवलं होतं तसंच."

सुयोगचे कान लाल झाले. पण घातलं. जान्हवीनं पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं, लोडरांना ऐकू जाईल असं. पत्र गेल्याचा आवाज फोनमधून आला तेव्हा नंदा उठली. झाडू घेतला. वही उघडली.

दीड तासात सगळं बसलं. एकही पॅलेट बाहेर नाही. मध्येच तिचा फोन थरथरला, स्क्रीनवर धोंडिरामचं नाव. ती पट्टे आवळत होती. वाजून बंद झाला.

कुंदाकाकू ताट घेऊन आल्याच. नंदा डब्याच्या दारात उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"काकू, चाकाची."

काकूंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा फोनमध्ये बघत होता. नारळ पुढच्या चाकापाशी फुटला.

"एवढा राग बरा नाही गं नंदा," जाताना काकू म्हणाल्या.

"आहे पण, काकू."

रिकाम्याचा, अर्ध्याचा, भरलेल्याचा असे तीन फोटो झाले होते. दार बंद झालं, चौथा झाला. लोडर सील लावायला पुढे आला. नंदानं त्याच्या हातातून ते घेतलं.

"सर, इकडे या. आजपासून सील तुम्ही लावायचं."

"मी कशाला?"

"नाव लागतं ना त्यांना."

ट्रेलरचं इंजिन सुरू होतं. सुयोग आला. त्यानं सील लावलं, खेचून पाहिलं. नंदानं फोन वर धरला. डबा, सीलचा नंबर आणि मालक, तिन्ही चौकटीत बसेपर्यंत ती दोन पावलं मागे गेली. सवयीनं सुयोग पोस्टरमधल्यासारखा हसला.

"हसू नका," ती म्हणाली. आणि तो हसायचा थांबेपर्यंत थांबली.