हमीदाबाईंचं बीट

परीक्षेचं बीट मी खाल्लं. सरळ सांगून टाकतो, कारण नाकारायची सोय नव्हती. जीभ लालभडक झाली होती.

सदाशिव पेठेतल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवतो; पण डबा खातो जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, कारण स्टाफरूममध्ये लोक माझं लोणचं संपवतात. त्या दिवशी टेबलावर पाण्याच्या भांड्यात बिटाच्या सुबक चकत्या दिसल्या. कोशिंबिरीची तयारी असावी, असं मला वाटलं. मीठ भुरभुरलं आणि फस्त केल्या.

हमीदाबाई तिथल्या मदतनीस. गेल्या सव्वीस वर्षांत बाहेरच्या परीक्षकासमोर त्यांचा एकही प्रयोग फसलेला नाही. आणि दीड वाजता बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती.

त्यांनी आधी भांडं पाहिलं, मग मला.

"सहा पाण्यांनी धुतल्या होत्या."

"तरीच चव जरा..."

"सर, तोंड मिटा. पुरावा दिसतोय."

मी धावत समोरच्या खानावळीतून ताटभर चकत्या आणल्या. सोललेल्या, कापलेल्या! शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. बाईंनी एक चकती गार पाण्यात टाकली. क्षणात सरबत.

"उकडलेलं आणलंत?"

"मऊ आहे. मुलांना सोपं जाईल."

बाई शिकल्या दहावीपर्यंत. पण पेशीपटलाचा धडा दाराशी स्टुलावर बसून दरवर्षी ऐकतात.

"पेशीभोवती पातळ पटल असतं, सर. स्निग्ध कणांच्या दोन रांगा. तोंडं पाण्याकडे, पाठी एकमेकांना."

"म्हणजे आपली स्टाफरूम."

"मध्ये प्रथिनांचे दरवाजे. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, ते पटल ठरवतं. धड असेपर्यंत रंग आत धरून ठेवतं. गरम पाण्यात फाटतं, रंग बाहेर. मुलांना हेच दाखवायचंय. तुमचं आधीच फाटलेलं आहे. कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडे जा. कच्चं आणा, अख्खं आणा. आणि वाटेत खाऊ नका."

आणलं. घड्याळात एक वीस. बाईंनी सपासप चकत्या केल्या आणि चाळणी माझ्या हाती दिली. "धुवा. कापताना फाटलेल्या पेशींचा रंग निघून पाणी स्वच्छ राहीपर्यंत."

तिसऱ्या पाण्याला परीक्षक दारात हजर! बाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"चपला बाहेर."

"अहो, मी परीक्षक..."

"ओळखपत्र?" त्यांनी दिलं. "फोटोत मिशी आहे."

"काढली."

"कधी?"

"गेल्या... दिवाळीत."

चौथं पाणी.

"इथे सही. पूर्ण नाव. वडिलांचंही."

पाचवं.

"अक्षर लागत नाही. पुन्हा लिहा."

सहावं पाणी नितळ राहिलं. बाईंनी वळून पाहिलं, मी मान हलवली. बाई लगेच बाजूला झाल्या. "या ना सर! केव्हाची वाट बघतोय आम्ही."

गार पाणी स्वच्छ राहिलं, गरम पाणी लाल झालं, मुलं सुटली. सव्वीस वर्षांची अब्रू राहिली. मराठीच्या मास्तरांचे हात कोपरापर्यंत गुलाबी का, हे मात्र परीक्षकांनी विचारलं नाही. त्यांना लवकर चपला घालायच्या होत्या.

सगळे गेल्यावर मी डब्याचं झाकण पुढे केलं. माझी बायको जया रोज दोन अळूवड्या हमीदाबाईंसाठी वेगळ्या देते.

"बाई, परीक्षकालासुद्धा दारात अडवता. मग मला इतकी वर्षं आत कसं सोडलंत?"

त्यांनी वडी उचलली.

"मी वड्यांना सोडते, तुम्ही चिकटून येता."