कदम बाईंचा नकोसा प्रश्न

कोडोलीच्या आमच्या हायस्कुलात कदम बाईंना लग्नपत्रिका द्यायला कुणी राजी नसे. पाकीट उघडायच्या आधीच त्या विचारायच्या, "रक्त तपासलंय न्हवं दोघांचं? थॅलेसेमियाचं?" शुभकार्यात रोगाचं नाव काढलं म्हणून लोक चिडायचे. बाईंना फिकीर नसे. मूळच्या शिवाजी पेठेतल्या, रोखठोक. आवाज असा, की दहावीला त्यांनी आनुवंशिकता काढली की शेजारच्या वर्गात माझं गणित बंद पडायचं.

माझ्या धाकट्या बहिणीचं, मनीषाचं लग्न राधानगरीच्या मामाच्या मुलाशी, रणजितशी ठरलं. मी पत्रिका दिली आणि तोच प्रश्न आला.

"बाई, घरातल्या घरात देतोय. परकं कोण हाय?"

"घरातल्या घरात देताय म्हणून तर विचारते की! जोडीतलं एकच जनुक बिघडलेलं असलं तर माणूस धडधाकट दिसतो. त्याला वाहक म्हणायचं. तुमच्या आईच्या वडलांकडनं ते आईतबी उतरलं असंल, मामातबी; तिथनं पोरांत. पुढं दोन वाहकांचं लग्न झालं आणि दोघांकडनं बिघडलेलंच आलं, की पोराला जन्मभर रक्त चढवत बसा."

मला पटलं होतं. घरी वडिलांना सांगितलं, तर ते उसळले. "कार्यालय ठरलंय. आता पोराला सुई टोचून घे म्हणून मेव्हण्याला सांगू?" मी गप्प बसलो. तो गप्पपणा मला अजून गिळता येत नाही.

मनीषाला पहिली मुलगी ठणठणीत झाली. मी जरा तोऱ्यातच पेढे घेऊन गेलो. "बघा बाई, काय झालं न्हाय."

बाईंनी पेढा खाल्ला. "बरं झालं. पण सर, संभाव्यता तुम्हीच शिकवता न्हवं? दोघं वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका. पहिली सुटली म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत न्हाय. आता तरी तपासा."

आम्ही तेव्हाही तपासलं नाही. दुसऱ्या खेपेचा ओंकार सहा महिन्यांचा होतोय तोवर पांढराफटक पडला. मग एकदम सगळ्या तपासण्या झाल्या. मनीषा वाहक, रणजित वाहक, ओंकारला थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवायला दवाखान्यात न्यायचं. आणि मामी, म्हणजे मनीषाच्या सासूबाई, म्हणायला लागल्या, "आमच्यात असलं कुणालाच न्हवतं. हीच घेऊन आली."

मी हे शाळेत बोललो. 'मी सांगत होते' असं बाई म्हणतील, म्हणून मान खाली घालून बसलो. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. रविवारी माझ्याबरोबर एसटीनं राधानगरीला आल्या आणि रिपोर्ट मामींच्या पुढ्यात ठेवला.

"बाळाला एक जनुक आईनं दिलंय, एक बापानं. निम्मं तुमच्या घरचं हाय. एकट्या पोरीला बोल लावू नका."

मामींनी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. "बाई, तुमचं शिकवणं शाळंत. आमच्या घरात नको."

कुणी चहाही विचारला नाही. परतीच्या एसटीत बाई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "माझं ऐकू नका, चालतंय. पण रिपोर्टबी खोटा वाटतोय व्हय?"

यंदा त्या निवृत्त झाल्या. शाल, नारळ, भाषणं झाली. मुख्याध्यापक म्हणाले, बाईंनी पिढ्या घडवल्या. बाई उत्तराला उठल्या.

"वाहक म्हंजे काय, ते पोरांनी पेपरात बरोबर लिहिलं. मी मार्क दिले. आणि स्वतःच्या लग्नात त्याच पोरांनी आईबापासमोर तोंड उघडलं न्हाय. मग मी शिकवलं काय?"

विनोद समजून काहीजण हसले. बाई हसल्या नाहीत. पहिल्याच रांगेत बसलेल्या माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. रागानं बघितलं असतं, तर बरं वाटलं असतं.