मेन बंद करणारे मामा

मामा कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करत, फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवत आणि मग उलट्या हाताने धातूला एकदा शिवून पाहत. कितीही घाई असली तरी यातलं एकही चुकत नसे. दत्ता ऑपरेटर म्हणायचा, मामा घरी टीव्हीचा आवाज कमी करायचा तरी मेन पाडत असतील. मामा हसत नसत. "आमच्या धंद्यात दुसरी चूक करायला माणूस उरत न्हाई," एवढंच म्हणत.

चाकणजवळ निघोज्याच्या त्या छोट्या वर्कशॉपमध्ये मी दीड महिना इंटर्नशिपला होते. कॉम्प्युटर डिप्लोमाचं दुसरं वर्ष. शेठने कागदावर सही दिली नाही तर वर्ष जाणार होतं, आणि वडील आधीच म्हणत होते, पुरे झालं, कंपनीत लाग. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे प्रश्न विचारायलाही भीती वाटायची. तो खुळचट निघाला तर?

मामा मेंटेनन्सला होते, गावातलेच, नववीपर्यंत शिकलेले. पण मेमरी म्हणजे काय ते मला त्यांच्याकडून कळलं. आमच्याकडे एक सीएनसी मशीन होतं, आकडे भरले की आपलं आपण लोखंड कापणारं. त्याच्या स्क्रीनवर बोट ठेवून ते म्हणाले, "आत्ता जे मनात धरून चाललंय, ती रॅम. लाइट गेली की गेलं. बनवणाऱ्यानं आत कोरून दिलंय, ती रॉम. ते पुसतो म्हटलं तरी पुसायचं न्हाई." मशीनमध्ये भरलेली मापं मी मनाशी दुसऱ्या जातीत, रॉममध्ये, टाकली. कारण आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी. बुधवारी बंद केलेलं मशीन शुक्रवारी सुरू झालं की मापं जागच्या जागी असत.

एका शनिवारी सकाळी स्क्रीनवर बॅटरीची खूण लुकलुकायला लागली. मामा चुलत्याच्या दहाव्याला आळंदीला गेले होते, अकरापर्यंत येणार होते. मला वाटलं, तेवढं आपण करून ठेवावं. मेन बंद केला. फ्यूज खिशात ठेवला. उलटा हात लावून पाहिला. मागच्या डब्यातले टॉर्चचे असतात तसले जाड सेल काढले. डब्यातल्या पत्र्याच्या पट्ट्यांना गंज चढला होता, तो पॉलिशपेपरने घासत बसले. काम नीट करायचं होतं.

मामा आले. माझ्या खिशातला फ्यूज बघून त्यांचा चेहरा जरा उजळला. मग नजर रिकाम्या डब्यावर गेली.

"किती वेळ झाला?"

पाऊण तास, मी म्हणाले. त्यांनी नवे सेल बसवले, फ्यूज लावला, मेन चालू केला. स्क्रीनवर लाल अक्षरांच्या ओळीच ओळी आल्या. मशीनला आपलं कापायचं टूल कुठे आहे हेसुद्धा आठवत नव्हतं.

"तिसरी जात असती," मामा हळू आवाजात म्हणाले. "हाय रॅमच, पर सेलवर जगवलेली. गुरुवारी ती सेलवर जगती. म्हणून हे एकच काम चालू मशीनवर करायचं. मी तुला अर्धंच शिकवलं."

चार वाजता चाकणच्या कंपनीची गाडी येणार होती. माल गेला नाही तर त्यांची लाइन थांबणार, आणि शेठचं काम कायमचं जाणार. शेठ केबिनमधून आले, कुणी केलं म्हणून विचारलं. मी हातातला पॉलिशपेपर मुठीत लपवला.

"मी," मामा म्हणाले.

दत्ताने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पॅनलच्या दारात प्लॅस्टिकच्या पिशवीत मूळ आकड्यांचे कागद होते. मी वाचत गेले, मामा भरत गेले. एक आकडा चुकला असता तर टूल सरळ लोखंड धरून फिरवणाऱ्या चकमध्ये घुसलं असतं. प्रत्येक ओळ ते माझ्याकडून दोनदा वाचून घेत. कटिंगचा प्रोग्रॅम दत्ताने नव्याने भरला. पहिला तुकडा लावला तेव्हा मामांचा तळवा मशीन थांबवायच्या लाल बटणावर होता. माप बरोबर आलं. गाडी उशिरा गेली, पण गेली.

सोमवारी मामांना मेंटेनन्सवरून काढून गेटवर बसवलेलं दिसलं. मी केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. शेठने मान वर केली नाही. "मामा म्हणालेच होते, पोरगी येईल आणि स्वतःच्या अंगावर घेईल. भोळी आहे, मनावर घेऊ नका म्हणाले. जा, कामाला लाग." मी पुन्हा सांगितलं. ते फोनवर बोलायला लागले. दत्ताला साक्षीला बोलावण्याइतकं धैर्य मला झालं नाही.

गेटवर मामा येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत होते. असं का केलंत, मी विचारलं.

"तू जाशील हे ठावं व्हतं. म्हणून मी आधी गेलो."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता, हेही खरं आहे.

महिना संपायच्या आत मामांनी काम सोडलं. कुठे गेले ते दत्तालाही नीट सांगता आलं नाही. माझ्या कागदावर शेठने सही केली, वर "काम चोख" असंही लिहिलं. तो कागद कॉलेजच्या फाइलमध्ये आहे. त्यामुळे निदान इथे तरी लिहून ठेवते, सेल मी काढले होते.